उलटा झाडू

१

दुपारचं जेवण आटोपलं की गुणाजी हात धुऊन मागच्या खोलीत जायचा नि नातीच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसायचा. सून दिपाली सकाळीच कंटेनर यार्डाच्या ऑफिसात गेलेली असे. मुलगा निकेत ट्रेलर चालवतो, तो आज न्हावा शेवाला तर उद्या नाशकाच्या पुढं. घरात दोघंच उरत. एक बहात्तर वर्षांचा, एक अकरा वर्षांची.

अमिषा सायकलवरून पडली होती. उजवा हात नि उजवा पाय दोन्ही प्लास्टरात. जिना चढता येईना म्हणून तिची खाट वरून खाली आणून मागच्या खोलीत टाकली होती. पोर दिवसभर छताकडं बघत पडते हे बापाला बघवेना. त्यानं उरणच्या बाजारातून एक जुना व्हिडिओ गेम आणला. त्याच्याबरोबर एकच खेळ मिळाला, जादूच्या शाळेत शिकणाऱ्या पोरांचा. त्या पोरांचा सिनेमा अमिषानं दहादा पाहिलेला. त्याच सिनेमावरून हा खेळ काढलेला.

आता गंमत बघा. खेळायला लागतात दोन हात आणि तिच्याकडं एकच. मग दुसरे दोन कुठून आणायचे?

"आजा, तू धर. मी सांगते, तू दाब."

"मला वाचता येत न्हाय गो बाय."

"वाचायचं नाहीच आहे! गोल, चौकोन, त्रिकोण. लाडू, बर्फी, समोसा. झालं?"

तेवढं गुणाजीला झालं. उभं आयुष्य मिठागरात गेलेला माणूस. उन्हात पाणी आटायची वाट बघायची सवय होती, तिथं एका बटणाची काय कथा. महिनाभरात त्याचे अंगठे बरे चालायला लागले. पडद्यावर दगडी शाळा, लांब लांब ओसऱ्या, तळघरात पाणी. चार पोरं खांद्यावर झाडू टाकून बदकांसारखी एकामागोमाग चालायची. पुढं वेणीवाली पोरगी, तिला गुणाजी चालवायचा, बाकीची आपसूक मागनं यायची.

एका गोष्टीवरून मात्र आजा-नातीचं रोज वाजायचं. गुणाजी प्रत्येक दार ओलांडलं की मागं वळून ते लावायचा.

"आजा! दार कशाला लावतोस? गेममध्ये लावायला लागत नाही. टाइम जातो."

"पान्याच्या वरचं दार हाय ते. उघडं टाकू न्हाय."

"पाणी खोटं आहे रे!"

"आसंल. दार तर दिसतंय ना?"

मिठागरातल्या माणसाच्या हाडात बसलेली ती खोड होती. आगराच्या बांधाला खाडीकडं एक लाकडी फळीचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची, भरतीला लावायची. ती उघडी राहिली तर खाडी घरात येते. ज्यानं पन्नास वर्षं उघाडी लावली तो बटणाचं दार तरी कसं उघडं टाकील?

२

ते पहिल्यांदा कधी दिसलं हे गुणाजीला नक्की सांगता यायचं नाही. आधी ऐकू आलं एवढं खरं.

त्या पोरांच्या पायांत बूट होते. दगडी ओसरीवरून चालली की टक टक, टक टक वाजायचं. एका दुपारी त्या टकटकीत मधेच दुसरा आवाज मिसळला. चपक. चपक. ओल्या चिखलातून अनवाणी पाय उचलला की येतो तो.

गुणाजीनं अंगठा उचलला. वेणीवाली थांबली. मागची तीन थांबली. टकटक बंद झाली. मग दोनदा चपक चपक झालं, नि तेही थांबलं.

त्यानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीच्या सावलीत, पाच.

"अमू, पोरं किती गो?"

अमिषानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "चार. का?"

"सिनेमात किती हुती?"

"चारच. पण गेममध्ये जास्तीचं असतं आजा. सिनेमात नसलेल्या खोल्या असतात, नसलेली माणसं असतात. गेमवाले घालतात आपल्या मनानं."

"मंग पाचवा घातला आसंल."

"कुठंय पाचवा?"

गुणाजीनं बोट दाखवलं. अमिषानं पाहिलं, पडद्याकडं नि मग आजाच्या डोळ्यांकडं.

"आजा, त्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे रे तुझं?"

३

डोळ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. उजवा डोळा गेल्या वर्षी करून घेतला होता, डाव्यात मोतीबिंदू पिकत आला होता. गुणाजी काही भुताखेतांच्या मागं लागणारा नव्हता. तो म्हणाला, करून बघू. दुसऱ्या दिवशी त्यानं डावा डोळा तळव्यानं झाकला. पाच. मग उजवा झाकला. सगळं धुकं झालं, पण धुक्यातही पाच.

दोन दिवसांनी त्यानं स्वतः होऊन तो सिनेमा लावायला सांगितला. अमिषाला कोण आनंद! अडीच तास तो पुढं वाकून बसला. शाळा तीच, ओसऱ्या त्याच, तळघर तेच. पोरं चार. बूट घातलेली.

"आवडला?" अमिषानं विचारलं.

"बरा हाय. त्येंची आई कुणी दिसत न्हाय कुठं."

मग त्यानं मनाची समजूत घातली. नात म्हणते तसं खेळ काढणाऱ्यानं घातला असेल. आपल्याला दिसतो, तिला दिसत नाही, हा नजरेचा खेळ असेल. लहान पोर आपण जिथं बघतो तिथं बघत नाही. ही समजूत चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की आपण दार लावतो तेव्हा तो पाचवा दाराबाहेर राहतो. बाकीची आत येतात, तो मागं, पाण्याच्या अंगाला. दार लागतं. पुढं गेलं की पुढच्या दारापाशी तो आधीच उभा. ओला. आणि दार लावलं की पुन्हा बाहेर.

ते गुणाजीला पटेना. त्यानंतर तो दार लावण्याआधी जरा थांबू लागला. येतोस तर ये बाबा, अशा बेतानं. पाचवा यायचा नाही. खालच्या मानेनं उभा राहायचा. तोंड कधी दिसलं नाही.

एक गोष्ट आणखी होती. बाकीच्यांचे झाडू खांद्यावर आडवे, काड्या मागं. पाचव्याचा झाडू हातात होता. दांडा खाली, काड्या वर.

"अमू, झाडू उलटा धरला तर ही पोरं उडतील का गो?"

"उलटा कोण धरेल? येडा आहे का?"

गुणाजीनं हातातलं बटणांचं खोकं मांडीवर ठेवलं. त्याच्या पाठीवरून मुंगी चढावी तसं काहीतरी मानेपर्यंत चढलं.

४

आता इथं मागचं थोडं सांगायला पाहिजे.

गुणाजीचा बाप आगरात मीठ काढायचा. मीठ ओढायला लाकडी फावडं असतं, लांब दांडा नि टोकाला आडवी फळी. सगळ्या आगरात वारा असा की बांधावरची हाक वाफ्यापर्यंत पोचायची नाही. म्हणून त्या आगराची एक रीत होती. भरतीचं पाणी बांध मोडून येतंय असं उघाडीवरच्या माणसाला दिसलं, की त्यानं फावडं उलटं उभं रोवायचं. दांडा चिखलात, फळी आभाळाकडं. ते कुणालाही दिसलं की हातातलं टाकायचं नि वर चढायचं. का, कुठं, किती, काही विचारायचं नाही. मागं बघायचं नाही. आधी चढायचं, मग विचारायचं. लहान पोरांना चालायच्या आधी हे शिकवत.

गुणाजी नऊ वर्षांचा होता, त्याचा भाऊ रामा अकराचा. चैताच्या पुनवेची दुपार. आमच्या किनाऱ्याला अवस-पुनवेचं उधाण भर दुपारी येतं. मोठी माणसं मीठ ओढत होती नि उघाडीची फळी टाकायला रामा गेला होता. गुणाजीनं मान वर केली तर बांधावर फावडं उलटं.

सगळी चढली. बावीस माणसं. कुणी मागं पाहिलं नाही, रीतच तशी. वर उंचवट्यावर पोचल्यावर मोजलं तेव्हा एकवीस मोठी नि एक गुणाजी.

पाणी उतरल्यावर बघायला गेले. बांधाला एका अंगाला खांड पडली होती, म्हणजे तेवढा बांध वाहून गेला होता. पण उघाडीची फळी नीट बसलेली. ती बसली नसती तर बावीसही राहिली नसती, असं बाप म्हणाला. फळी बसवणारा मात्र सापडला नाही. तीन दिवस शोधला.

आईनं त्याचं कधी पान वाढू दिलं नाही. पितरांच्या पंधरवड्यात सगळ्यांची पानं निघत, रामाचं नाही. "आला न्हाय म्हंजे गेला का?" असं म्हणायची. आई गेली. बोलणं राहिलं. अजून त्या घरात रामाचं पान निघत नाही.

आणि गुणाजीला आयुष्यभर एकच सल. मागं एकदा बघितलं असतं तर.

५

सर्वपित्री अमावास्या होती. दिपालीनं पहाटेच सगळं रांधलं, पानं वर गच्चीवर ठेवली, नि ऑफिसात हजेरी लावायची म्हणून निघाली.

"बाबा, तिला भरवाल ना? खीर झाकून ठेवलीय."

"जा तू. ती माझी हाय नि मी तिचा."

बारा वाजून गेले. ऊन लख्ख. कुठंही काही वावगं नाही. वर कावळे भांडत होते. घरामागं जुन्या आगराचा बांध, त्याच्या पलीकडं खाडी. आगर बंद पडून किती वर्षं झाली. अर्धं भराव टाकून बुजवलं, उघाडीची फळी कुणी तरी सरपणाला नेली. गुणाजी मधनं मधनं जाऊन बांधाची ढेकळं सारखी करायचा, एकट्या म्हाताऱ्यानं करायची तेवढी. या महिन्यात नातीपायी तेही झालं नव्हतं.

खीर खाऊन दोघं खेळायला बसली.

"आज तळघर संपवायचं हं आजा. डावीकडे. आता खाली उतर."

गुणाजीनं वेणीवालीला जिन्याकडं नेलं. खाली उतरायचं बटण दाबलं. ती उतरली नाही.

जिन्याच्या तोंडाशी पाचवा उभा होता. आज तो मागं नव्हता, सगळ्यांच्या पुढं होता.

"दाब ना आजा!"

"दाबतोय गो."

"घट्ट दाब. अडकलं असेल."

गुणाजीनं पुन्हा दाबलं. पाचवा वळला. चपक, चपक, चपक. तो वरच्या जिन्याकडं धावत गेला. असा तो कधी धावला नव्हता. धावताना टाचा टेकत नव्हता, मिठाच्या वाफ्यात चालणारी पोरं चालतात तसा, चवड्यांवर. आणि वेणीवाली त्याच्या मागं निघाली. बाकीची तीन तिच्या मागं.

"ए, वर कुठं नेतोस? तळघर खाली आहे!"

"मी नेत न्हाय."

गुणाजीनं ते बटणांचं खोकं खाटेवर ठेवून दिलं नि दोन्ही हात वर करून दाखवले. पडद्यावर चार पोरं चढतच होती.

अमिषा खोक्याकडं बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "आजा, मग त्यांना कोण चालवतंय?"

जिन्याच्या माथ्यावर पाचवा थांबला. त्यानं झाडू दोन्ही हातांनी उचलला. दांडा दगडात रोवला, जसा चिखलात रोवावा. काड्या आभाळाकडं. आणि तो बाजूला झाला.

गुणाजी बहात्तर वर्षांचा होता. त्याला डोळ्याचं, सिनेमाचं, खेळ काढणाऱ्याचं, सगळं आठवलं असतं. पण हाडानं डोक्याला विचारलंच नाही. तो उठला, पोरीखाली हात घातला नि मिठाची पाटी उचलावी तशी तिला खांद्यावर घेतली.

"आजा! काय करतोस? पाय! माझा पाय!"

"आधी चढायचं."

"अरे पण का?"

"मंग विचारायचं."

६

घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या. सहाव्या पायरीवर गुणाजीचे गुडघे बोलायला लागले. आठवीवर अमिषा रडायची थांबली, कारण तिलाही ऐकू आलं. मागच्या अंगणात कुणी तरी खूप सारी वाळू ओतत असावं तसा आवाज. पाऊस नव्हता. वारा नव्हता. ऊन तसंच लख्ख होतं.

मग मागचं दार धाडकन उघडलं नि पंखा बंद पडला.

गुणाजीनं पोरीला वरच्या खोलीत गादीवर ठेवलं. खिडकीतून बांध दिसत होता. म्हणजे जिथं बांध होता तिथं आता खाडी दिसत होती, चकचकीत, सपाट, घराला चिकटून. तो जिन्याचं दार लावायला वळला. हात कडीवर गेला.

साठावर वर्षं झाली होती. तेव्हा तो वर चढला होता नि मागं पाहिलं नव्हतं. रीतच होती. पण आता चढून झालं होतं. आता विचारायची वेळ होती.

गुणाजीनं खाली पाहिलं.

जिन्यातून मागच्या खोलीचा एक तुकडा दिसतो, खाटेचा पाय, टीव्हीची कड, दाराची अर्धी फळी. खाट पाण्यात तरंगत होती. घरात वीज नव्हती. तरी पाण्यावर निळा उजेड हलत होता, पडदा चालू होता. पडद्यात चार पोरं जिन्याच्या माथ्यावर ओळीत उभी होती नि खाली बघत होती. चारच.

दार लागत होतं. बाहेरून एवढं पाणी रेटत असताना आतून मागचं दार हळू हळू लागत होतं. फळीच्या कडेवर बोटं होती. लहान. खूप दिवस खाऱ्या पाण्यात राहिलेल्या हाताची होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. दुसरं काही दिसलं नाही.

मग धप्प असा आवाज झाला. लाकूड खाचेत बसल्याचा. गुणाजीनं तो आवाज हजारदा ऐकला होता, नि या घरातल्या कुठल्याच दाराचा तो नव्हता.

पाणी तिसऱ्या पायरीपाशी थांबलं.

"रामा," गुणाजी म्हणाला, "झालं रं. फळी बसली. आता वर ये."

निळा उजेड विझला.

"आजा," मागून अमिषा म्हणाली, "कोणाशी बोलतोस?"

७

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. दिपाली गुडघाभर चिखल तुडवत आली, आधी लेकीला नि मग सासऱ्याला चाचपून बघितलं, नि पायरीवर बसून हमसून रडली. मागच्या खोलीची खाट मोडून भिंतीला लागली होती. अमिषाची उशी तिच्याखाली चिखलात दबलेली सापडली.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"खेळात दावलं," गुणाजी म्हणाला. ते खरंच होतं. दिपालीला वाटलं म्हातारा घाबरून काहीबाही बोलतोय. तिनं चहा टाकला.

निकेतनं दुसऱ्या दिवशी येऊन चिखलातून गेमचा डबा काढला, उन्हात वाळवला, खटपट केली. चालू झाला नाही. अमिषानंही हट्ट धरला नाही. पुढं प्लास्टर निघालं, ती शाळेत जायला लागली. मैत्रिणींना सांगताना म्हणते की माझ्या आजानं मला खांद्यावरून चौदा पायऱ्या चढवल्या. पडद्याचं सांगत नाही. ते दोघांतलं दोघांत आहे.

दिपालीची आता एकच तक्रार असते. जन्मभर दारं लावत आलेला माणूस जिन्याचं दार लावू देत नाही.

"डास येतात बाबा."

"येऊं देत."

"पण उघडं ठेवायचं कशाला?"

"कुणी मागं ऱ्हायला आसंल तर."

पाण्याची खूण तिसऱ्या पायरीवर होती. दिपालीनं पुसली, चुना मारला. पुढच्या पुनवेला दुपारचं उधाण येऊन गेलं, पाणी घरापासून लांबच होतं. संध्याकाळी गुणाजी जिना उतरला तर चौथ्या पायरीवर दोन पावलं. लहान. टाचा नाहीत, नुसते चवडे. पाणी वाळून मिठाची पांढरी रेघ उरलेली. त्यानं वाकून बोट लावलं, बोट जिभेला लावलं. आपल्याच आगराचं मीठ. ते तो कुठंही ओळखील.

त्यापुढच्या अवसेला पाचवी पायरी.

गुणाजी उधाणाच्या दुपारी आता वर, जिन्याच्या दारात चटई टाकून बसतो. भीती वाटते का म्हणाल तर वाटते. आणि तरी डोळे भरून येतात, कारण ज्याचे उपकार फेडायला माणूसच सापडत नव्हता, तो येतोय. आपल्या पायांनी येतोय, दमानं, एका उधाणाला एक पायरी.

आता तो दाराच्या आत एक ताट मांडतो. भात, आमटी, सुक्या बोंबलाचा तुकडा. पितराचं पान नव्हे, घरच्या माणसाचं ताट.

काल अमिषानं बाराव्या पायरीवरची पावलं बघितली, मग ताट बघितलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला, ताटाशेजारी ठेवला नि आजाला खेटून बसली.

"किती राहिल्या?" तिनं विचारलं.

"दोन," गुणाजी म्हणाला नि सरकून दारात जागा केली.